देवाचा पैसा कुणाच्या भरवशावर? मंडळाच्या खजिनदारासाठी

इंदूरच्या कुठल्याही मराठी वस्तीत, लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात नाहीतर स्नेहलतागंजात, गणेशोत्सवाची पहिली बैठक भरली की हिशेबाचा विषय दोन वाक्यांत आटोपतो. एक जण म्हणतो, “देवाचं काम आहे, बाप्पाच्या पैशाला कोण हात लावणार?” दुसरा म्हणतो, “आणि भाऊंकडे हिशेब आहे म्हटल्यावर बघायचंच काय? माणूस सोन्यासारखा.” पहिलं वाक्य श्रद्धेवर विसंबतं, दुसरं शीलावर. माणूस सरळ वागतो तो देवाला भिऊन की अंगच्या चांगुलपणाने, हा वाद फार जुना आहे. पण खजिनदाराला तो मिटेपर्यंत थांबता येत नाही, कारण त्याच्या हातात उद्या संध्याकाळी चंद्याचे पैसे येणार असतात.

श्रद्धा आणि शील या दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा उपयोग करून घ्यायला हवा. मात्र पैशाच्या कामात यांतल्या एकीवरच सगळा भार टाकू नये. पावती, दोन कुलपं, दोन सह्या ही व्यवस्था चोर पकडण्यासाठी नसते. चांगल्या माणसाला चांगलं राहणं सोपं जावं आणि त्याच्यावर नाहक बोट उठू नये, यासाठी ती असते. पुढचे आकडे साधारण दोनशे घरांच्या, दहा दिवसांच्या उत्सवाचे आहेत. आपल्या मंडळाच्या मानाने कमीजास्त करावेत.

श्रद्धा आणि शील नेमकं काय करतात

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. पुढे धर्मोपदेशक होणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता. घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई होती त्यांच्यापैकी ४५ टक्के, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. त्यानेही म्हणावा असा फरक पडला नाही. श्रद्धा खोटी नव्हती, घाईने तिला मागे ढकललं. विसर्जनाच्या दिवशी आपल्या मांडवात किती घाई असते, ते आठवून पाहा.

शीलाची परीक्षा त्याआधीच होऊन गेली होती. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२०च्या दशकात सुमारे ११,००० शाळकरी मुलांना खोटं बोलण्याची, परीक्षेत नक्कल करण्याची, पैसे उचलण्याची संधी मुद्दाम दिली आणि कोण काय करतं ते पाहिलं. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी राहीलच असं दिसलं नाही. धर्मशिक्षणाच्या रविवारच्या वर्गाला नियमित जाण्याचाही ठळक संबंध आढळला नाही. म्हणजे शील नसतंच असं नव्हे. ते आपण समजतो तितकं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ऑफिसात एक पेन घरी न आणणारा माणूस भंडाऱ्यातलं उरलेलं तूप सहज घेऊन जातो, आणि त्यात काही गैर आहे हे त्याच्या मनातही येत नाही.

श्रद्धा जवळ असते तेव्हा मात्र ती काम करते. मोरोक्कोतल्या मराकेश शहरात दुकानदारांचा एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अजान कानावर पडत असताना दुकानदारांनी दान देण्याचा पर्याय जास्त वेळा निवडला. अजान नसताना दुकानदार तितके उदार नव्हते. यातून आपल्याला कामाचा नियम मिळतो: पैसे मोजायचे ते आरतीनंतर लगेच, मूर्तीसमोर, दिवा तेवत असताना. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी मागच्या खोलीत मोजू नयेत.

नुसत्या शपथेवर मात्र फार विसंबू नये. बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला लावल्या की लोक कमी फसवतात, असा निष्कर्ष २००८ मध्ये गाजला होता. २०१८ मध्ये बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. उत्सवाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्रतिज्ञा म्हणायला हरकत नाही, वातावरण चांगलं होतं. पण ती म्हटली म्हणून पावती पुस्तक सैल सोडू नये.

याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्या इंदूरचाच आहे. अहिल्याबाईंच्या राज्यात हुकूम निघत ते ‘श्री शंकर’ या नावाने. राज्य शंकराचं, आपण कारभारी, ही त्यांची श्रद्धा. आणि त्याच वेळी होळकरांकडे दौलत (राज्याचा पैसा) आणि खासगी (घराण्याचा स्वतःचा पैसा) अशा दोन तिजोऱ्या वेगळ्या होत्या. काशी ते रामेश्वर जी देवळं, घाट, धर्मशाळा त्यांनी बांधल्या, त्यांचा खर्च खासगीतून झाला. इतकी श्रद्धा आणि इतकं शील असलेल्या बाईंनी खाती वेगळीच ठेवली. आपल्याला तर त्याहून जास्त गरज आहे.

खजिनदार निवडताना

कपाळावरचं गंध बघून खजिनदार निवडू नये, आणि तो देव मानत नाही म्हणून टाळूही नये. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) ईश्वराच्या बाबतीत अज्ञेयवादी होते, तरी त्यांच्या सचोटीचा दाखला आजही दिला जातो. गाडगेबाबा (१८७६–१९५६) देवकीनंदन गोपालाचा गजर करत, आणि लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या करून स्वतः फाटक्या वस्त्रात राहिले. दोन्ही वाटांनी स्वच्छ हात शक्य आहेत, तेव्हा त्या मार्गाने निवड होत नाही.

निवड करायची ती त्याच प्रकारच्या कामावरून. गेल्या वर्षी या माणसाला सजावटीसाठी पाच हजार उचल दिली होती का? उरलेले पैसे किती दिवसांत परत आले? बिलं सोबत आली की “होतील ना, देतो”? चूक सापडली तेव्हा त्याने स्वतः सांगितली की दुसऱ्याने विचारल्यावर? ही चार उत्तरं दहा शिफारशींपेक्षा जास्त सांगून जातात. नवा माणूस असेल तर पहिल्या वर्षी त्याला फक्त किरकोळ खर्चाची थैली द्यावी, पुढच्या वर्षी खातं.

एकच माणूस दोन वर्षांपेक्षा जास्त खजिनदार नको. कितीही चांगला असला तरी नको, आणि चांगला असला तर नक्कीच नको. वर्षानुवर्षं एकट्याच्या हातात हिशेब राहिला की मंडळाचे पैसे कुठले आणि स्वतःचे कुठले याची त्याची त्यालाच आठवण राहत नाही, आणि मग विचारणारा अपमान करतोय असं वाटायला लागतं. नियम मंडळाच्या घटनेतच लिहून ठेवला की कुणाला “तुम्ही आता थांबा” असं तोंडावर सांगावं लागत नाही.

खजिनदार आणि अध्यक्ष एकाच घरातले नसावेत. सासरा-जावई, दीर-भावजय हेसुद्धा एकाच घरातलेच समजावेत.

पावती पुस्तकं

शंभर पावत्यांची पुस्तकं छापू नयेत. पन्नासांची छापावीत, म्हणजे ती लवकर परत येतात. दोनशे घरांना सहा पुस्तकं पुरतात: क्रमांक ००१ ते ३००. छापखान्याच्या बिलावर ‘००१ ते ३००, एकूण ६ पुस्तकं’ असं लिहून घ्यावं. हे फार थोडी मंडळं करतात. जास्तीचं एक पुस्तक गुपचूप छापून घेणं ही सगळ्यात जुनी युक्ती आहे, आणि बिलावर क्रमांक नसले तर ती कधीच सापडत नाही.

एक वही फक्त पुस्तकांच्या देवाणघेवाणीची ठेवावी. पुस्तक क्रमांक, पावती कितीपासून कितीपर्यंत, कुणाला दिलं, तारीख, सही. परत आलं ती तारीख, किती पावत्या फाडल्या, किती रद्द, किती कोऱ्या. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही. दोन्ही भाग पुस्तकातच ठेवून आडवी रेघ मारायची आणि ‘रद्द’ लिहायचं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही हवी. नुसतं ‘५०१’ लिहिलेल्या पावतीत पुढे-मागे आकडा घालायला वेळ लागत नाही. पेन्सिल चालणार नाही.

चंदा मागायला दोघांनी जावं, दोघं वेगळ्या घरांतले. कॉलेजची मुलं असतील तर एक मोठा माणूस सोबत हवा. त्याच रात्री साडेनऊच्या आत पैसे आणि पुस्तक जमा. पाच हजारांच्या वर रोख झाली तर तेवढ्यावर थांबून आधी जमा करून यावं, मग पुढच्या गल्लीत.

एक गोष्ट हिशेबात दिसत नाही पण महत्त्वाची आहे. शेजाऱ्याचा आकडा दाखवून चंदा वाढवून मागणं, “देवाच्या कामाला नाही म्हणता?” असं दारात म्हणणं, हा देवाच्या नावाने केलेला जुलूम आहे. कुणी एकवीस रुपये दिले तर एकवीसची पावती त्याच हसतमुखाने फाडावी. कुणी नाही म्हटलं तर नमस्कार करून पुढे जावं. त्याचं नाव कुठल्याही यादीत लिहू नये.

क्यूआर आणि बँक

सध्या सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि तोही बहुतेक वेळा कुणाच्या मनात वाईट नसताना. मंडळाचं खातं नसतं, म्हणून एखाद्या कार्यकर्त्याचा स्वतःचा क्यूआर मांडवात लागतो. त्याच खात्यातून त्याच्या घराचा हप्ता जातो, मुलीची फी जाते. महिनाअखेरीस मंडळाचे किती हे तोही शपथेवर सांगू शकत नाही. आपल्या सगळ्यात भल्या माणसाला या अडचणीत ढकलू नये.

मंडळ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदवता येतं. त्याला किमान सात सदस्य लागतात. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेच्या नावाचं पॅन आणि ठराव घेऊन बँकेत खातं उघडावं. तीन सह्या नोंदवाव्यात आणि ‘कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने’ अशी सूचना द्यावी. क्यूआर त्याच खात्याचा घ्यावा.

मांडवात लावलेला क्यूआर रोज सकाळी स्वतःच्या फोनने स्कॅन करून एक रुपया पाठवावा आणि नाव मंडळाचंच येतंय ना ते बघावं. गर्दीच्या ठिकाणी कुणीतरी त्यावर दुसरा स्टिकर चिकटवून जातं. क्यूआर काचेच्या आतून लावला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. यूपीआयने चंदा आला तर पावतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावेत. रात्री खात्यातल्या नोंदींशी ताडून पाहायला तेवढे पुरतात.

आयकरातल्या सवलतीचं आश्वासन, संस्थेला तशी मान्यता नसेल तर, कुणालाही देऊ नये. “पावती देतो, सूट मिळेल” हे बोलून टाकलेलं वाक्य खोटंच ठरतं, मग ते कितीही चांगल्या कामासाठी असो.

दानपेटी आणि आरतीचं तबक

पेटीला दोन कुलपं, वेगवेगळ्या किल्ल्यांची. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी कार्यकारिणीबाहेरच्या कुणाकडे तरी, शक्यतो वस्तीतल्या एखाद्या ज्येष्ठ काकूंकडे. झाकणाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून तिघांनी सह्या कराव्यात. पेटी ठेवायची ती मूर्तीसमोर, जिथे रांगेतल्या सगळ्यांची नजर पडते. मांडवाच्या मागच्या बाजूला, जनरेटरजवळ नको. न्यूकॅसल विद्यापीठातल्या २००६ च्या प्रयोगात चहाच्या पैशांच्या डब्याजवळ डोळ्यांचं चित्र लावलं त्या आठवड्यांत, फुलांचं चित्र होतं त्या आठवड्यांपेक्षा, जवळपास तिप्पट पैसे जमा झाले. पुढच्या अभ्यासांत परिणाम नेहमी इतका मोठा आला नाही, तरी नजरेसमोर पेटी ठेवायला काही खर्च येत नाही.

पेटी शेवटच्या दिवशी एकदम उघडू नये. दर तीन दिवसांनी उघडावी. मोजणी अशी:

आरती झाली, मंडळी अजून मांडवातच आहेत. टेबल भिंतीपासून सरकवून मध्ये घ्यावं, वर पांढरी चादर. मोजणारे तीन, बघणारे कितीही. मोजणाऱ्यांनी बाह्या वर कराव्यात, फोन आणि पाकिटं बाजूच्या खुर्चीवर ठेवावीत. हे सगळ्यांनी करायचं, अध्यक्षांनीही, म्हणजे कुणाला लागत नाही. पट्टीवरच्या सह्या शाबूत आहेत हे मोठ्याने सांगून मग कुलपं काढावीत. पेटी चादरीवर उलटी करून आत काही अडकलं नाही ना ते सगळ्यांना दाखवावं. नोटा आधी फक्त वेगळ्या करायच्या, मोजायच्या नाहीत. हळदीकुंकवाने चिकटलेल्या, ओल्या, फाटक्या नोटा वेगळ्या ताटात. चिठ्ठ्या, नवसाचे कागद न वाचता एका पाकिटात. मग एकाने मोजायचं, दुसऱ्याने तीच गड्डी पुन्हा मोजायची, तिसऱ्याने लिहायचं. आकडा जुळला की गड्डीला रबर. कागदावर असं उतरावं:

५०० × १४ = ७,०००
२०० × ९ = १,८००
१०० × ६३ = ६,३००
५० × ४१ = २,०५०
२० × ८८ = १,७६०
१० × २१२ = २,१२०
नाणी (५ × ६०, २ × १४५, १ × २११) = ८०१
एकूण = २१,८३१
अक्षरी: एकवीस हजार आठशे एकतीस

खाली तिघांच्या सह्या, तारीख, वेळ. एकूण आकडा मांडवात मोठ्याने सांगावा. कागदाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर त्याच क्षणी टाकावा. यानंतर ही रक्कम जशीच्या तशी बँकेत भरायची. त्यातून एक रुपयाचाही खर्च करायचा नाही. बँकेच्या भरण्याच्या पावतीवर २१,८३१ हाच आकडा दिसला पाहिजे. मधल्या मधे फुलवाल्याचे चारशे दिले की भरणा २१,४३१ होतो आणि नंतर कुणालाही ते चारशे समजावून सांगता येत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे बघून पेटी उघडण्याचे दिवस ठरवावेत.

चांदीची दूर्वा, मोदक, पादुका आल्या तर त्याच वेळी फोटो काढून वहीत चढवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सराफ्यात दोघांनी मिळून वजन करून ग्रॅममध्ये नोंद करावी. “चांदीचा एक मोदक” ही नोंद नोंदच नव्हे.

तबकाचं काय करायचं हे मात्र उत्सवाआधीच ठरवावं. आरतीच्या तबकात पडलेले पैसे गुरुजींचे की मंडळाचे, यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं, आणि प्रत्येकाचं मत प्रामाणिक असतं. गुरुजींची दक्षिणा रोजची ठरवून, सन्मानाने, पाकिटात द्यावी. तबकातले पैसे आरती संपताच, सगळ्यांसमोर, पेटीत ओतावेत. अर्धे-अर्धे करण्याची पद्धत ठेवू नये, त्यात रोज तबक मोजावं लागतं आणि रोज कुणाला तरी कमी वाटतं.

अनंत चतुर्दशीची रात्र वेगळी. मिलांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला अर्धी वस्ती रस्त्यावर असते, मांडव ओस पडतो. त्या दिवशी पेटी दुपारी उत्तरपूजेनंतर लगेच रिकामी करावी आणि संध्याकाळी मांडवात रिकामी पेटीही ठेवू नये.

खर्च

किरकोळ खर्चाची थैली ३,००० रुपयांची. केळी, दूर्वा, कापूर, रिक्षाभाडं हे त्यातून. बिल मिळत नसेल तिथे छोटी चिठ्ठी: तारीख, वस्तू, रक्कम, घेणाऱ्याची सही. थैलीत कुठल्याही क्षणी रोख आणि चिठ्ठ्या मिळून ३,००० झालेच पाहिजेत. चिठ्ठ्या दिल्यावरच पुढची भरती, तीही चिठ्ठ्यांच्या बेरजेइतकीच.

दहा हजारांवरच्या कामाला, म्हणजे मांडव, साउंड, भंडारा, तीन ठिकाणचे भाव लेखी घ्यावेत. सगळ्यात स्वस्त घ्यायलाच हवं असं नाही. महाग घेतलं तर कारण ठरावात लिहावं. कार्यकारिणीतल्या कुणाचं स्वतःचं दुकान असेल तर त्याने आधी तसं सांगावं आणि निर्णयाच्या वेळी बाहेर बसावं. त्याच्याकडून माल घेतला तरी मग कुणी काही बोलत नाही.

भंडाऱ्याच्या खरेदीत अंदाज आधी लिहावा, बिल नंतर बघावं. पुरीला पानामागे साधारण १०० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे ३०० पानांना ३० किलो. सियागंज बाजारातून आलेल्या बिलात ५० किलो दिसले तर विचारावं; कदाचित पानं वाढली असतील, कदाचित उरलेलं कुठेतरी गेलं असेल. कुणी साखरेचं पोतं, तेलाचे डबे दान दिले तर त्याचीही पावती आणि साठ्याची नोंद. उरलेला माल कुणी घरी नेऊ नये. तो त्याच दिवशी कुठे द्यायचा, हे भंडाऱ्याच्या आधीच ठरावात असावं.

उरलेल्या मालावर इतका जोर देण्याचं कारण आहे. मंडळात पहिली घसरण नोटांत होत नाही, तुपात आणि काजूत होते. आणि ती करणारा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त राबलेला माणूस असतो. “दहा दिवस घरदार सोडून सेवा केली, एवढ्याने देव रागावणार आहे का?” इथे श्रद्धा रोखत नाही, उलट परवानगी देते. शीलही तेच करतं: आपण चांगले आहोत याची खात्री जितकी पक्की, तितकी लहान सूट घेणं सोपं. यावर उपाय राबणाऱ्याला जाहीर मान देणं हा आहे. शेवटच्या दिवशी नारळ-उपरणं, नाव घेऊन आभार, आणि ज्याला पदरमोड झाली त्याला बिलाप्रमाणे परतफेड.

“मी घातले” आणि “तात्पुरते घेतले”

ही दोन वाक्यं खजिनदाराने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

घाईत कार्यकर्ता खिशातून सहाशे रुपये घालतो आणि मोठ्या मनाने म्हणतो, राहू द्या. तीन वर्षांत असे कितीतरी सहाशे होतात. मग एके दिवशी थैलीतून हजार घेताना त्याला ते आपलेच वाटतात. म्हणून खिशातून घातलेला प्रत्येक रुपया एकतर परत करायचा किंवा त्याची देणगीची पावती त्याच दिवशी फाडायची. तिसरी वाट नाही.

दुसरं वाक्य जास्त धोक्याचं. पगार सोमवारी होणार, दवाखान्याचं बिल आज आहे, आणि घरात मंडळाचे चाळीस हजार पडून आहेत. उचलणारा चोर नसतो. परत ठेवायचंच या विचाराने तो उचलतो. सोमवारी अर्धे परत येतात. त्याची देवावर श्रद्धा आहे आणि तो रोज आरतीला हात जोडून उभा राहतो, त्या दहा दिवसांत त्याच्यावर काय ओढवत असेल याचा विचार करा. त्याला त्या जागी उभं करणारे आपण, कारण चाळीस हजार त्याच्या घरी आपण ठेवले. थैलीपलीकडची रोख कुणाच्याही घरी एका रात्रीपेक्षा जास्त नको, आणि त्या एका रात्रीही तिघांच्या सह्यांच्या सीलबंद पिशवीत. शक्य असेल त्या मंडळाने अडचणीसाठी वेगळा, छोटा, उघड मदतनिधी ठेवावा: मागणारा दोघांना सांगतो, दोघं ठरवतात, वहीत नोंद होते.

तूट निघाली तर

आधी पुन्हा मोजा. मग रद्द पावत्या, कोऱ्या पावत्या, दुसऱ्या तारखेला जमा झालेले यूपीआय, थैलीतल्या चिठ्ठ्या, या क्रमाने बघा. यात बरीचशी तूट सापडते. हे काम २४ तासांत करावं. त्यापेक्षा उशीर झाला की आठवणी आणि तर्क एकमेकांत मिसळतात.

तरीही उरली तर ज्याच्याकडे काम होतं त्याच्याशी दोघांनी जाऊन शांतपणे बोलावं. भर बैठकीत नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. काय जुळत नाही ते कागदावर दाखवावं आणि सात दिवस द्यावेत. खजिनदाराने तूट स्वतःच्या खिशातून गुपचूप भरू नये. ‘तूट’ म्हणून वहीत तशीच चढवावी.

मूर्तीवर हात ठेवून शपथ घ्यायला कधीही लावू नये. श्रद्धाळू आणि निर्दोष माणूस या मागणीनेच मोडतो. देवासमोर आपल्यावर संशय आला याचं दुःख त्याला वर्षानुवर्षं राहतं, आणि कधी कधी तो भीतीने शपथच नाकारतो. ज्याने खरोखर घेतलेत तो निर्ढावलेला असेल तर बिनदिक्कत शपथ घेतो. म्हणजे या परीक्षेत भला माणूस नापास आणि लबाड पास होतो, आणि देवाला आपण चौकीतला शिपाई करून ठेवतो.

जाणूनबुजून केलेलं निघालं तर रक्कम वसूल करून पैशाच्या कामातून कायम दूर ठेवावं, मोठी रक्कम असेल तर कायद्याने जावं. पण त्याला आरतीला येण्यापासून अडवू नये. तो अधिकार मंडळाचा नाही.

हिशेब मांडणं आणि सोपवणं

हिशेबाची मुदत सर्वपित्री अमावास्या. घटस्थापनेला वस्ती पुढच्या उत्सवात गुंतते, मग कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. कार्यकारिणीबाहेरच्या दोघांना तपासायला द्यावा. एक जण बँकेतून निवृत्त झालेला असला तर उत्तम. त्यांनी वीस स्थळप्रती (पुस्तकात राहिलेले पावत्यांचे भाग) डोळे मिटून निवडाव्यात आणि त्या घरांत जाऊन पावती बघावी. नंतर एका पानात मांडावा: मागची शिल्लक, चंदा रोख, चंदा यूपीआय, पेटी, वस्तुरूप दान, खर्च दहा-बारा ओळींत, देणी बाकी, शिल्लक, त्यापैकी बँकेत किती, हातात किती. हे पान फळ्यावर आणि ग्रुपवर दोन्हीकडे, कारण बरेच आजोबा-आजी ग्रुपवर नसतात.

नव्या खजिनदाराला सोपवताना यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात: कोरी आणि अर्धवट पावती पुस्तकं क्रमांकांसह, देवाणघेवाणीची वही, पासबुक, चेकबुक, पेटीची किल्ली, चांदीच्या वस्तू वजनासह, थैलीतली रोख आणि चिठ्ठ्या. आणि एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर. तो जुन्या खजिनदाराचा असेल तर सगळे निरोप त्याच्याच फोनवर येत राहतात. मंडळासाठी वेगळं सिम घ्यावं, तेच खात्याला जोडावं, आणि सही बदलण्याचा ठराव बँकेत देताना नंबर बदलल्याचा अर्जही त्याच दिवशी द्यावा.